पळस, तांबट आणि आमचा कॅमेरा

फाल्गुन सरत आला की आमची पावले सकाळी पुण्याच्या वेताळ टेकडीकडे वळतात. आम्ही साहित्य शिकवणारी तीन-चार माणसे. पक्षिशास्त्राचे शिक्षण कुणाचेच नाही. गळ्यात कॅमेरा आला तो निव्वळ हौसेने. पण या हौसेने आमच्या वाङ्मयीन समजुतींना जे धक्के दिले, त्यांविषयी लिहिणे अगत्याचे वाटते.

पहिला धक्का कोकिळेचा. वसंतवर्णनात 'कोकिळा गाते' हे आम्ही इतक्यांदा वाचले आणि शिकवले, की त्याची शहानिशा करावी असे कधी वाटलेच नाही. लेन्समधून दिसला तो चोच उघडून 'कुहू' करणारा, काळाकुळकुळीत, लाल डोळ्यांचा नर. तपकिरी अंगावर पांढरे ठिपके असलेली मादी 'किक्-किक्' असा तीव्र आवाज करीत पानांआड नाहीशी होते. कवीने पक्षिशास्त्र पाळावे असा आमचा मुळीच आग्रह नाही. परंतु संकेत कोणता आणि निरीक्षण कोणते, हे वाचकाला उमगले पाहिजे. ते उमगले नाही तर एखाद्या कवीने संकेत मोडला, हेही त्याच्या ध्यानात येत नाही.

पळसाचे तसेच. त्याला ज्वाळेची उपमा देऊन आम्ही मोकळे होत असू. छायाचित्रांत मात्र ती ज्वाळा गजबजलेली निघाली: निष्पर्ण फांद्यांवर साळुंक्या, बुलबुल, शिंजीर मधासाठी झोंबत होते, आणि त्या खटाटोपात फुलाचे पराग इकडून तिकडे जात होते. त्यांतच गुलाबी अंगाच्या, काळ्या डोक्याच्या भोरड्याही होत्या. मध्य आशियाकडून हिवाळ्यात येणारे हे पाहुणे उन्हाळा वाढू लागला की परततात. भोरडीचे दुसरे नाव पळसमैना. ज्याने कुणी हे नाव ठेवले, त्याने पक्षी आणि झाड एकाच दृष्टिक्षेपात पाहिले असणार.

एवढ्यावरून कॅमेऱ्याची थोरवी गावी, तर तांबट आडवा येतो. हिरवे अंग, पिवळा गळा, कपाळावर नि छातीवर लाल डाग. छायाचित्र सुरेख आले होते. ते पाहून एका विद्यार्थिनीने विचारले, "यात तांब्याच्या रंगाचे काहीच नाही, मग हा तांबट कसा?" उत्तर छायाचित्रात नव्हते. भर दुपारी एका लयीत चालणारे त्याचे 'टुक् टुक्' ऐकले, आणि कसब्यातल्या तांबट आळीत भांड्यावर पडणारे ठोके आठवले, की उलगडा होतो. हे नाव कानाने ठेवलेले आहे. कॅमेरा बहिरा आहे.

तो निष्ठुरही होऊ शकतो, हे आम्ही स्वतःच्या हाताने शिकलो. आमच्या सोसायटीच्या बागेत शिंजिराचे लोंबते घरटे होते. चित्र स्वच्छ यावे म्हणून मध्ये येणाऱ्या दोन फांद्या आम्ही बाजूला बांधल्या. चित्र उत्तम आले. चार दिवसांनी घरटे रिकामे होते. कावळ्याने डाव साधला की जोडी आमच्यामुळे निघून गेली, हे सांगता येत नाही; फांद्या आम्ही बांधल्या होत्या, एवढे सांगता येते. ते चित्र आम्ही कुणाला दाखवले नाही. कवितेतील एखादी सुंदर ओळ संदर्भापासून तोडून मिरवणारा समीक्षक तरी याहून वेगळे काय करतो?

म्हणून आमचे म्हणणे असे, की छायाचित्र जरूर काढावे. पण त्याखाली चार ओळी लिहाव्यात. झाड कोणते, वेळ कोणती, पक्षी काय करीत होता, आवाज कसा होता, आपल्याकडे त्याला काय म्हणतात. दुर्गा भागवतांचे 'ऋतुचक्र' शिकवताना आम्ही तिच्या भाषेविषयी पुष्कळ बोलत आलो. वर्गाच्या खिडकीबाहेरच्या झाडाकडे बोट मात्र क्वचितच दाखवले.

याच टेकडीवरून रस्ता नेण्याच्या योजनेविरुद्ध २०२३ साली पुणेकर मोर्चा घेऊन निघाले, तेव्हा 'टेकडीवर असे आहे तरी काय?' हा प्रश्न आम्हांलाही विचारला गेला. 'निसर्ग' एवढे उत्तर अपुरे पडते. तांबट, शिंजीर, पळसमैना अशी नावे घेता आली, तर विचारणाऱ्यालाही थोडे थांबावे लागते.