नोबिता वर्गात का झोपतो?



आज पाठ नाही. आज डोरेमॉनबद्दल लिहिणार आहे. हसू नका.

दर पालकसभेत एक तक्रार ठरलेली असते. "मॅडम, तेवढं डोरेमॉन बघायचं बंद करायला सांगा पोराला. आमचं ऐकत नाही, तुमचं ऐकंल." मीही दोन वर्षं इमानेइतबारे सांगत होते. मग या दिवाळीच्या सुट्टीत माझ्याच लेकीशेजारी बसून पंधरा-वीस भाग पाहिले. आता मी ते सांगणं बंद केलंय. का, ते लिहिते.

ज्यांनी नीट पाहिलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. फुजिको एफ. फुजिओ या टोपणनावाने लिहिणाऱ्या जपानी चित्रकथाकाराने ही चित्रकथा 1969 च्या अखेरीस मुलांच्या मासिकांत सुरू केली. डोरेमॉन हा बाविसाव्या शतकातला यंत्रमांजर. नोबिता आयुष्यात इतका अपयशी ठरतो की त्याचं कर्ज पुढच्या पिढ्यांना फेडावं लागतं. म्हणून त्याचा खापरपणतू हा मांजर भूतकाळात पाठवतो. म्हणजे बघा, आपण ज्याला नुसतं कार्टून म्हणतो ती कालप्रवासाची विज्ञानकथा आहे, आणि तिची सुरुवात कर्जापासून होते. आपल्या भागातल्या पोरांना ते वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

सगळेच भाग चांगले आहेत असं नाही. निम्म्या भागांचा साचा एकच: जियान मारतो, नोबिता रडत घरी येतो, डोरेमॉन खिशातून काहीतरी काढतो, नोबिता त्याचा भलताच वापर करतो आणि फजिती होते. पण ही शेवटची पायरी पालकांच्या तक्रारीत कधीच येत नाही. "आयतं मिळायची सवय लागते" म्हणतात. अहो, आयतं मिळालेलं त्या मालिकेत सहसा पचतच नाही! स्मरणाच्या पावाचा भाग बघा. पुस्तकाच्या पानावर पाव दाबायचा आणि खायचा, की ते पान पाठ. परीक्षेच्या आदल्या दिवशी नोबिता असे पाव पोटभर खातो, त्याचं पोट बिघडतं आणि पाठ झालेलं सगळं निघून जातं. घोकंपट्टीवर इतकी नेमकी टीका मी डी.एड.च्या पुस्तकातही वाचली नव्हती.

मला सगळ्यात आवडला तो गोड बनचा भाग. एक औषध असतं, त्याचा थेंब टाकला की वस्तू दर पाच मिनिटांनी दुप्पट होते. नोबिता ते बनवर टाकतो. एकाचे दोन, दोनाचे चार. खाऊन खाऊन पोट भरतं आणि एक बन उरतोच. शेवटी डोरेमॉन सगळे बन अवकाशात सोडून देतो.

हा भाग मी चौथीच्या वर्गात चिंचोक्यांनी घेतला. पाच मिनिटांची एक उडी. अर्ध्या तासाला 64 चिंचोके झाले, तोवर पोरं निवांत होती. चाळीस मिनिटांना 256 लागले आणि आमचा डबा रिकामा. तासाला 4,096, ते वहीत केलं. दोन तासांचं उत्तर मी फळ्यावर लिहिलं, 1,67,77,216. वर्ग गप्प. मग एक मुलगी म्हणाली, "मॅडम, वर सोडल्यावर वाढायचं थांबतंय व्हय?" मालिकेत याचं उत्तर मिळत नाही. घरी येऊन हिशेब केला. एका दिवसात 288 वेळा दुप्पट, म्हणजे 87 अंकी संख्या. दुसऱ्या दिवशी फळ्यावर नुसते 87 शून्य काढून दाखवले. गुणाकाराचा इतका सराव मी इतर कुठल्याच साधनाने करून घेतलेला नाही.

खटकणाऱ्या गोष्टीही आहेत. शिझुकाला बहुतेक वेळा काही करायलाच देत नाहीत. जियानचा मार हा विनोद म्हणून दाखवतात, तिथं मी लेकीला थांबवून विचारते. आणि भाषा. मुलं खेळताना सर्रास हिंदीत बोलतात, हे खरं आहे. बांगलादेशने 2013 मध्ये याच कारणावरून हिंदीतला डोरेमॉन बंद केला होता. मला बंदी पटत नाही, पण खंत आहे. जयंत नारळीकरांनी 1974 मध्ये 'नारायण विनायक जगताप' या नावाने मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत 'कृष्णविवर' ही कथा पाठवली आणि पहिलं बक्षीस मिळवलं. इतकी वर्षं आपल्याकडे मराठीत विज्ञानकथा आहे. तरी मुलांना टीव्हीवर भविष्यकाळ भेटतो तो जपानचा, आणि तोही हिंदीतून.

आता जे लिहायला बसले होते ते.

त्या मालिकेत एक शिक्षक आहेत. नोबिता उशिरा आला की ओरडायचं, गृहपाठ नसला की वर्गाबाहेर उभं करायचं. मी पाहिलेल्या एकाही भागात त्यांनी त्याला "का रे?" असं विचारलं नाही. नोबिता दोऱ्याच्या खेळात पटाईत आहे, नेमबाजीत तर विचारू नका. त्या शिक्षकांना यातलं काही माहीत असावं असं वाटत नाही. सोफ्यावर बसून मी त्यांना बरीच नावं ठेवली.

सुट्टी संपली. वर्गात एक मुलगा रोज पहिल्या तासाला झोपायला लागला. मालिका ताजी होती, नाव तोंडात तयारच होतं. "उठा नोबिता," मी म्हणाले. वर्ग हसला. आठवड्यात सगळी शाळा त्याला नोबिता म्हणू लागली.

मग मी एक गृहपाठ दिला: डोरेमॉनच्या खिशातून तुम्हाला एक वस्तू मिळाली, तर कोणती घ्याल? कुणी उडायचा पंखा लिहिला, कुणी पाढे पाठ करणारी टोपी. त्याने लिहिलं, "रात्रीची लाईट दिवसा आणणारं बटण." मी जवळ बोलावून विचारलं, "का रे?" तेव्हा कळलं. थ्री फेज रात्री येते त्या आठवड्यात वडील उसाला दारं धरायला जातात आणि हा बॅटरी घेऊन बांधावर उभा असतो. दोघंच असतात. मागं एकदा साप निघाला होता, तेव्हापासून वडील एकटे जात नाहीत.

शेजारचा पोरगा म्हणाला, "आमच्याकडं मोबाईलवरनं मोटार चालू करायचं यंत्र हाय की."

हा म्हणाला, "मोटार चालू हुती रं. दारं कोण मोडणार?"

दिवसा वीज मिळावी म्हणून राज्यात मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू आहे. ती त्याच्या बांधापर्यंत येईल तेव्हा येईल. मी वर्गासमोर त्याची माफी मागितली. नाव मात्र अजून पूर्ण सुटलेलं नाही, मैदानावर कुणीतरी हाक मारतंच. त्याच्या वडिलांना भेटून आले. रात्री पोराला नेऊ नका, असं सांगायचं ठरवून गेले होते, पण चुलीपुढे बसल्यावर ते तोंडातून निघालं नाही.

आता रात्रीच्या लाईटच्या आठवड्यात तो पहिल्या तासाला डोकं टेकवतो. मी उठवत नाही. गणित तिसऱ्या तासाला घेते.