कामावर मृत्यू पावलेल्या कामगारांच्या वारसांना हक्काची भरपाई मिळण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, पुणे

विषय : हिर्डोशी व भोर-वेल्हे परिसरातील मृत कामगारांच्या वारसांना कायदेशीर नुकसानभरपाई मिळवून देणेबाबत.

महोदय,

आम्ही हिर्डोशी (ता. भोर) व परिसरातील ग्रामस्थ आहोत. नीरा देवघर धरणाच्या काठच्या आमच्या गावांत नुसत्या भातशेतीवर वर्ष निघत नाही. म्हणून तरुण शिरवळच्या कारखान्यांत, पुण्या-मुंबईच्या बांधकामांवर आणि घाटरस्त्याच्या कामांवर जातात. त्यांतला कोणी कामावर दगावला, तर भरपाई कोणाकडे मागायची हे घरच्यांना ठाऊक नसते. अशा वेळी थोडी रक्कम हातावर ठेवून स्टॅम्प पेपरवर सही-अंगठा घेतला जातो आणि प्रकरण मिटले असे सांगितले जाते.

ही मिटवामिटवी कायद्याला मान्य नाही. 21 नोव्हेंबर 2025 पूर्वीच्या मृत्यूंना लागू असलेल्या कर्मचारी नुकसानभरपाई अधिनियम, 1923 च्या कलम 8 प्रमाणे मृत्यूची भरपाई नुकसानभरपाई आयुक्तांकडेच जमा करावी लागते. तीन महिन्यांच्या पगाराइतकी आगाऊ रक्कम सोडली, तर परस्पर दिलेले पैसे भरपाई ठरत नाहीत. हक्क सोडून देणारा करार कलम 17 ने रद्द ठरतो. या कायद्याच्या हिशेबाने 30 वर्षांच्या, 15,000 रुपये मासिक वेतनाच्या कामगाराच्या वारसांना 15,59,850 रुपये मिळतात. महिनाभरात रक्कम न भरल्यास 12 टक्के व्याज आणि 50 टक्क्यांपर्यंत दंड लागतो. 21 नोव्हेंबर 2025 पासून या कायद्याच्या जागी लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही निम्मे वेतन गुणिले वयाचा गुणक हेच सूत्र ठेवले आहे.

कायदा असूनही काय होते, हे मराठवाड्यातील एका प्रकरणात दिसले. साखर कारखान्याचा रखवालदार 22 एप्रिल 2003 रोजी पहाटेच्या पाळीला जाताना अपघातात गेला. आयुक्तांनी भरपाई मंजूर केली, उच्च न्यायालयाने ती रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाने 29 जुलै 2025 रोजी ती पुन्हा दिली. यात 22 वर्षे गेली. आमची मुले रात्री-अपरात्री दुचाकीवरून शिरवळला ये-जा करतात. त्यांच्या घरच्यांवर ही वेळ येऊ नये. दुर्घटनेनंतर सरकार जाहीर करते ती मदत सानुग्रह असते. उरवडे (ता. मुळशी) येथे 7 जून 2021 च्या आगीत 17 कामगार गेले, तेव्हाही अशी मदत जाहीर झाली. मालकाने द्यायची भरपाई हा त्याहून वेगळा हक्क आहे. तो मागायला विधवेने कचेऱ्यांचे उंबरे झिजवू नयेत, शासनाने तिच्या दारी यावे, एवढेच आमचे म्हणणे आहे.

आमच्या मागण्या :

1. कामावरील प्रत्येक मृत्यूची खबर पोलीस पाटील, ग्राम महसूल अधिकारी (तलाठी) व ग्रामपंचायत अधिकारी (ग्रामसेवक) यांनी सात दिवसांत संहितेतील सक्षम प्राधिकाऱ्यास (पूर्वीचे आयुक्त) द्यावी. प्राधिकाऱ्याने वारसांच्या अर्जाची वाट न पाहता मालकाकडून खुलासा मागवावा.

2. वारसांना त्यांचे हक्क मराठीत लेखी कळवावेत. कर्मचारी राज्य विम्याची (ईएसआय) कपात होत असल्यास दरमहा मिळणाऱ्या अवलंबित लाभाची माहितीही द्यावी.

3. शिरवळ सातारा जिल्ह्यात आहे. वारस राहतात तिथे दावा दाखल करता येतो. त्यामुळे पुण्यात आलेला अर्ज हद्दीच्या कारणाने परत पाठवू नये.

4. भोर व वेल्हे येथे विधी सेवा समितीमार्फत दरमहा शिबिर घ्यावे. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, हे गावोगाव जाहीर करावे.

5. बांधकाम कामगारांची नोंदणी हिर्डोशीत शिबिर घेऊन करावी आणि 90 दिवसांच्या कामाचे प्रमाणपत्र अडवू नये. नोंदणी असेल तर कामावरील मृत्यूनंतर कल्याणकारी मंडळाकडून पाच लाख रुपये मिळतात. नोंदणी नसल्याने कुटुंबे त्याला मुकतात.

6. शासकीय रस्ते व धरणाच्या कामांवर मजुरांचे हजेरीपत्रक व विमा तपासावा. मृत्यू झाल्यास भरपाईची रक्कम जमा होईपर्यंत ठेकेदाराचे अंतिम देयक रोखावे.

7. संहिता लागू होण्यापूर्वीच्या मृत्यूंचे दावे जुन्या कायद्यानुसार चालवावेत; कायदा बदलला म्हणून ते फेटाळू नयेत.

या मागण्यांवर कामगार विभाग, तहसीलदार व ग्रामस्थ यांची एकत्र बैठक बोलवावी आणि झालेल्या कार्यवाहीचे लेखी उत्तर 30 दिवसांत द्यावे, ही विनंती.

आपले विश्वासू,
समस्त ग्रामस्थ, हिर्डोशी व परिसर, ता. भोर, जि. पुणे

प्रत माहिती व कार्यवाहीसाठी : मा. अपर कामगार आयुक्त, पुणे, मा. तहसीलदार, भोर, मा. तहसीलदार, राजगड (वेल्हे)