आक्रमकाचे सावकार, रक्षकाचा हिशेब

एखाद्या हुकूमशाही राजवटीने शेजारच्या देशावर सैन्य घातले, की लोकशाही देशांत एक ठरावीक चर्चा सुरू होते. शस्त्रे द्यावीत की नाही, निर्बंध किती कडक असावेत, संयुक्त राष्ट्रांत कोणत्या बाजूने मत द्यावे, वाटाघाटींची वेळ आली आहे का. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर सर्वंकष आक्रमण केले, तेव्हापासून ही चर्चा आपण ऐकत आहोत. यातला कोणताही प्रश्न गैरलागू नाही. पण त्यांच्या गर्दीत दोन प्रश्न मागे पडतात. आक्रमकाचे युद्ध कोणाच्या पैशावर चालले आहे? आणि ज्याचे रक्षण करायचे, त्याच्याकडून रक्षणकर्ता काय वसूल करणार आहे? हे दोन प्रश्न किती निर्णायक असतात, ते मला तंजावूरच्या इतिहासात फार स्पष्टपणे दिसते.

मराठी वाचकाला तंजावूरची ओळख करून देण्याची गरज नाही. शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी यांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात स्थापलेले भोसल्यांचे राज्य, सरस्वती महाल ग्रंथालय, बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ मध्ये कोरलेला भोसले वंशाचा मराठी इतिहास, यांविषयी आपल्याकडे आपुलकीने लिहिले जाते. त्या मानाने १७७३ ते १७७६ या तीन वर्षांची चर्चा कमी झाली आहे. आजच्या राजकारणाच्या दृष्टीने मात्र त्या राज्याच्या इतिहासातला हाच सर्वांत बोधप्रद काळ आहे.

तंजावूरचा बलाढ्य शेजारी होता अर्काटचा नवाब मुहम्मद अली. कावेरीच्या खोऱ्यातील सुपीक भातशेतीवर त्याचा डोळा होता आणि तंजावूरचे राजे आपले मांडलिक आहेत, असा त्याचा दावा होता. १७६२ मध्ये मद्रासच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या मध्यस्थीने तह झाला. राजाने थकबाकी किती द्यावी आणि दरसाल खंडणी किती, हे ठरले आणि त्या तहाला कंपनीची हमी मिळाली. नऊ वर्षांनी, १७७१ मध्ये, तंजावूरला वेढा पडला. तुळजाजीराजांनी जाचक अटी पत्करून तो टाळला. १७७३ मध्ये पुन्हा वेढा पडला. थकलेली खंडणी आणि हैदर अली व मराठे यांच्याशी राजाचा कथित पत्रव्यवहार, ही कारणे पुढे करण्यात आली. सप्टेंबरमध्ये किल्ला पडला आणि तुळजाजीराजे कुटुंबासह कैदेत गेले. तो किल्ला जिंकला, तो प्रामुख्याने कंपनीच्या फौजेने. ज्यांनी हमी दिली होती, त्यांनीच तटाला भगदाड पाडले.

असे का झाले? उत्तर कर्जाच्या कागदांत आहे. नवाबाने मद्रासमधील इंग्रजांकडून जबर व्याजाने प्रचंड कर्ज काढले होते. हे सावकार कोणी परके नव्हते, ते बहुतांशी कंपनीचेच नोकर होते. कोणाविरुद्ध युद्ध करावे याचा निर्णय ज्या वर्तुळात होत होता, त्याच वर्तुळात नवाबाचे धनको बसले होते. नवाबाची वसुली वाढली तरच त्यांचे पैसे परत येणार होते आणि वसुली वाढायची तर तंजावूर हवे होते. पुढे राज्य परत देण्याची वेळ आली, तेव्हा पॉल बेनफील्ड नावाच्या कंपनीच्या एका कनिष्ठ नोकराने तंजावूरच्या महसुलावर आणि शेतात उभ्या असलेल्या पिकांवर दोन लाख पौंडांहून अधिक रकमेचा दावा सांगितला. कापणीआधीच कावेरीकाठच्या शेतकऱ्याचे भात एका परदेशी सावकाराच्या नावे लागले होते.

इथे एक खुलासा आवश्यक आहे. अठराव्या शतकातील ब्रिटन आजच्या अर्थाने लोकशाही देश नव्हता आणि तंजावूरचा राजाही प्रजेने निवडलेला नव्हता. १७७१ च्या वेढ्याआधी त्यानेही रामनाडच्या पाळेगाराविरुद्ध फौज नेली होती. म्हणून या कथेत एक बाजू धवल आणि दुसरी काळी रंगवण्यात अर्थ नाही. पण ब्रिटनमध्ये संसद होती, वृत्तपत्रे होती, कंपनीच्या संचालकांना जाब विचारता येत होता. अशा प्रातिनिधिक संस्था असलेल्या देशाचे नागरिक दूरच्या एका आक्रमणाचे भांडवलदार कसे होतात आणि त्या संस्था त्यांना रोखू शकतात का, हा प्रश्न तेव्हाही होता आणि आजही आहे.

त्या संस्थांनी प्रयत्न केला, हेही नोंदवले पाहिजे. लंडनच्या संचालक मंडळाने १७७५ मध्ये तंजावूर राजाला परत देण्याचा आदेश दिला आणि तो अमलात आणण्यासाठी लॉर्ड पिगट यांना गव्हर्नर म्हणून मद्रासला पाठवले. पिगट यांनी एप्रिल १७७६ मध्ये तुळजाजीराजांना पुन्हा गादीवर बसवले. चार महिन्यांत, ऑगस्टमध्ये, त्यांच्याच कौन्सिलमधील बहुमताच्या गटाने त्यांना अटक केली. मे १७७७ मध्ये ते कैदेतच वारले. १७८५ मध्ये एडमंड बर्क यांनी नवाबाच्या कर्जांवर संसदेत प्रदीर्घ भाषण केले. या कर्जांची चौकशी न करताच कर्नाटकच्या महसुलातून ती फेडण्याची व्यवस्था सरकार करत आहे आणि धनकोंचे हस्तक संसदेपर्यंत पोहोचले आहेत, असा त्यांचा आरोप होता. भाषण गाजले, प्रस्ताव मात्र फेटाळला गेला. बर्क यांचे निकटवर्ती विल्यम बर्क हे तंजावूरच्या राजाचे प्रतिनिधी होते, याकडे टीकाकार बोट दाखवत. ते खरेच होते. पण हितसंबंध असलेल्या माणसाने मांडला म्हणून पुरावा खोटा ठरत नाही.

यातून मला दिसणारा पहिला धडा असा की आक्रमकाला रोखण्याची पहिली लढाई लोकशाही देशांनी आपल्याच घरात लढायची असते. २०१४ मध्ये रशियाने क्रिमिया गिळंकृत केला. त्यानंतरही युरोपने रशियाकडून बाल्टिक समुद्राखालून येणाऱ्या दुसऱ्या वायुवाहिनीचे काम पुढे नेले. २०२२ उजाडले, तेव्हा युरोपीय संघाच्या आयात नैसर्गिक वायूपैकी सुमारे ४० टक्के वायू रशियातून येत होता. रशियन धनाढ्यांचा पैसा लंडनच्या मालमत्तांमध्ये मुरला होता. वायू विकत घेणाऱ्या कंपन्या, मालमत्तांचे दलाल, निवृत्तीनंतर रशियन कंपन्यांच्या संचालक मंडळांवर गेलेले युरोपीय नेते, हे सारे आपापल्या परीने नव्या नवाबाचे जुने सावकार होते. रणगाडे सीमेवर पोहोचल्यावर लादलेले निर्बंध आवश्यकच असतात, पण ते उशिरा आलेले शहाणपण असते.

दुसरा धडा हमीविषयीचा. १९९४ मध्ये बुडापेस्ट येथे युक्रेनने आपल्या भूमीवरील सोव्हिएतकालीन अण्वस्त्रे सोडून देण्याचे मान्य केले. त्या बदल्यात अमेरिका, ब्रिटन आणि रशिया यांनी त्याच्या सीमांचा आदर करण्याचे आश्वासन दिले. त्यांपैकी एकाने आक्रमण केले आणि उरलेल्यांना त्या कागदाने नेमके काय करायला बांधले आहे, याचे स्पष्ट उत्तर कागदातच नव्हते. १७६२ चा तह आणि १९९४ चे निवेदन यांत बाकी काहीही साम्य नसेल, पण हमी मोडल्यास हमीदाराने काय करायचे हे आधी ठरलेले नसेल तर दुबळ्याच्या हाती फक्त सही उरते, हे दोन्हींत समान आहे.

तिसरा धडा सर्वांत कडू आहे आणि तो आक्रमकाविषयी नाही, रक्षकाविषयी आहे. तुळजाजीराजांना १७७६ मध्ये राज्य परत मिळाले ते कोणत्या अटींवर? किल्ल्यात कंपनीची फौज राहणार, तिच्या खर्चासाठी राजाने दरसाल चार लाख होन द्यायचे आणि कंपनीच्या संमतीवाचून कोणाशीही तह करायचा नाही. एवढे मोजूनही १७८१ मध्ये हैदर अलीच्या फौजांनी हा प्रदेश उद्ध्वस्त केला. देणे मात्र थांबले नाही, थकत आणि वाढत गेले. १७९९ मध्ये सरफोजीराजांनी राज्यकारभार कंपनीच्या हाती सोपवला. त्यांच्याकडे किल्ला, त्याचा परिसर आणि ठरावीक नेमणूक उरली. १८५५ मध्ये त्यांचे पुत्र शिवाजीराजे पुत्रहीन वारले आणि उरलेसुरले नामधारी राज्यही संपले. नवाबाने तंजावूर तीन वर्षे गिळले, ते परत मिळाले. रक्षकाने घेतलेले मात्र कधीच परत मिळाले नाही.

एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेने युक्रेनशी खनिजसंपत्तीविषयी करार केला. त्याचा अंतिम मसुदा सुरुवातीच्या मागण्यांपेक्षा सौम्य होता. पण युद्धात होरपळणाऱ्या देशापुढे झालेल्या मदतीचे बिल ठेवले जावे, ही कल्पनाच मला तंजावूरच्या फौजखर्चाची आठवण करून देते. त्याच वर्षी फेब्रुवारीत युक्रेनने आणि युरोपीय देशांनी आमसभेत मांडलेल्या ठरावाविरुद्ध अमेरिकेने रशियाच्या बरोबरीने मत दिले होते. मदत ही गुंतवणूक ठरली की आक्रमक आणि रक्षक यांच्यातील अंतर कमी होऊ लागते.

आता आपल्याकडे वळू. २ मार्च २०२२ रोजी आमसभेत रशियाचा निषेध करणाऱ्या ठरावाच्या बाजूने १४१ देशांनी आणि विरोधात पाच देशांनी मत दिले. ३५ देश तटस्थ राहिले, त्यांत भारत होता. युद्धाआधी आपल्या आयात खनिज तेलात रशियाचा वाटा दोन टक्क्यांहूनही कमी होता, तो दोन वर्षांत एकतृतीयांशाच्या पुढे गेला. या धोरणाचे समर्थक तीन मुद्दे मांडतात. गरीब देशाला स्वस्त तेल हवे. आपल्या सैन्यदलांची भिस्त रशियन बनावटीच्या सामग्रीवर आहे. आणि २००३ मध्ये इराकवर चालून गेलेल्यांनी आपल्याला नीतिपाठ देऊ नयेत.

हे तिन्ही मुद्दे मी गंभीरपणे घेतो. दुसऱ्या मुद्द्याचे उदाहरण तर तंजावूरलाच आहे. जानेवारी २०२० मध्ये तिथल्या हवाई तळावर ‘सुखोई-३० एमकेआय’ विमानांचे २२२ क्रमांकाचे पथक दाखल झाले. ही विमाने मूळ रशियन आराखड्याची, आपल्या नाशिकजवळच्या ओझरच्या कारखान्यात बांधली जाणारी. ती ज्या ‘ब्रह्मोस’ क्षेपणास्त्राने सज्ज आहेत, त्याच्या नावातच ब्रह्मपुत्रा आणि मॉस्कोची मोस्कवा नदी एकत्र आल्या आहेत. हिंदी महासागरावर नजर ठेवणाऱ्या या तळाचे सुटे भाग उद्या अडले तर काय, हा प्रश्न कोणत्याही सरकारला टाळता येणार नाही. पण ही अडचण आपल्या मौनाचे समर्थन ठरत नाही. उलट ती सांगते की एका शस्त्रपुरवठादारावर विसंबणे म्हणजे आपला आवाज त्याच्याकडे गहाण ठेवणे. ज्याचे कर्ज डोक्यावर, त्याच्याविषयी खरे बोलणे अवघड, हे मद्रासच्या कौन्सिलला जेवढे लागू होते तेवढेच आपल्यालाही.

आपल्याला तर दुसऱ्याच्या तटस्थतेची चव माहीत आहे. २० ऑक्टोबर १९६२ रोजी चीनने आक्रमण केले. डिसेंबरमध्ये कोलंबो येथे सहा अलिप्ततावादी देश जमले आणि त्यांनी मध्यस्थीचे प्रस्ताव तयार केले, पण चीनला आक्रमक म्हटले नाही. भारताला हवा होता तो शब्द मित्रांच्या तोंडून आला नाही. ज्यांनी शस्त्रे धाडली, त्या अमेरिका आणि ब्रिटन यांनी पाठोपाठ काश्मीरवर पाकिस्तानशी बोलणी करण्याचा आग्रह धरला. स्वर्णसिंग-भुट्टो चर्चेच्या फेऱ्या मे १९६३ पर्यंत चालल्या आणि निष्फळ ठरल्या. म्हणजे मित्रांचे मौन आणि रक्षकाचा हिशेब, दोन्ही आपण एकाच हिवाळ्यात अनुभवले आहे.

म्हणून माझ्या मते भारताने पाश्चात्त्यांच्या निर्बंधांत सामील झालेच पाहिजे असे नाही. इराकची आठवण त्यांना करून देण्याचा आपला अधिकारही अबाधित आहे. मात्र तीन गोष्टी आपल्या आवाक्यात आहेत. आक्रमणाला आक्रमण म्हणावे. पंतप्रधानांनी सप्टेंबर २०२२ मध्ये समरकंद येथे पुतिन यांना हे युग युद्धाचे नाही, असे सुनावले, पण युद्ध कोणी सुरू केले, हे सांगण्याचे धैर्य त्यापुढची पायरी आहे. दुसरे, स्वस्त तेलातून झालेला नफा सामान्य ग्राहकाच्या पदरी किती पडला आणि तेल शुद्धीकरण कंपन्यांच्या ताळेबंदात किती राहिला, याचा हिशेब संसदेपुढे ठेवावा. गरिबांच्या नावावर घेतलेल्या सवलतीचे लाभार्थी कोण, हे जाणण्याचा हक्क गरिबांना आहे. तिसरे, शस्त्रांच्या बाबतीत एका देशावरचे अवलंबन कमी करण्याचा कालबद्ध कार्यक्रम असावा आणि त्याच्या प्रगतीवर संसदेची देखरेख असावी.

लोकशाही देश हुकूमशाही देशांपेक्षा मुळात सद्गुणी असतात, असा माझा समज नाही. त्यांच्याकडे फक्त एक जास्तीचे साधन असते. आपल्याच सावकारांची आणि आपल्याच सेनापतींची उलटतपासणी त्यांना भर सभागृहात करता येते. १७८५ मध्ये ते साधन वापरले गेले आणि हरले, तरी त्या तपासणीमुळेच आज आपल्याला तंजावूरच्या पिकांवर कोणाचा दावा होता, हे ठाऊक आहे. आपल्या उत्तर सीमेपलीकडे एक बलाढ्य एकपक्षीय सत्ता आहे आणि तिचे आपल्या भूमीवरील दावे मिटलेले नाहीत. उद्या वेळ आलीच, तर जगाकडून आपण ज्या स्पष्ट शब्दाची अपेक्षा करू, तो शब्द दुसऱ्याच्या वेळी आपण उच्चारला होता का, हे तपासण्याची वेळ आजची आहे.