'निसर्गात' जाणे आणि असणे



टाटा समूहाच्या जग्वार लँड रोव्हरचा कारखाना स्लोव्हाकियातील नित्रा येथे 2018 मध्ये सुरू झाला. तेव्हा हिंजवडीच्या एखाद्या अभियंत्याला स्लोव्हाक भाषेची चार वाक्ये शिकावीशी वाटली, तर नवल नाही.

'इद्येमे दो प्रीरोदि' म्हणजे 'आपण निसर्गात जातो'. टाट्रा पर्वताच्या या देशात सुट्टीच्या दिवशी रंगखुणांच्या पायवाटा धरणाऱ्या कुटुंबांचे हे नित्याचे वाक्य. 'प्रीरोदा' म्हणजे निसर्ग. शब्द स्त्रीलिंगी, आणि त्यातील 'रोद' जन्माचा, कुळाचा वाचक. जायचे असेल तर 'दो प्रीरोदि', तेथे असू तर 'व् प्रीरोद्ये', विभक्ती बदलते. मराठीत मात्र दोन्हींसाठी एकच रूप: 'निसर्गात'.

जैन दृष्टीला हे एकच रूप जवळचे वाटते. पृथ्वी, जल, अग्नी, वायू, वनस्पती हे सारे एकेंद्रिय जीव. त्यांच्यातच आपला नित्य वास. त्या जीवांच्या रक्षणासाठी साधू-साध्वी चातुर्मासात विहार थांबवतात. रविवारी मुळशीकडे गाडी काढताना मुलांना एवढेच सांगावे: निसर्ग घरापासूनच सुरू होतो, अकारण पान तोडू नये, पाणी सांडू नये.