देह, आत्मा आणि सोयीस्कर शत्रु

ख्रिस्ती धर्म देहाचा द्वेष शिकवितो, असा समज आमच्या सुशिक्षित वर्गांत बराच रूढ आहे. टीकाकार तो दोष म्हणून सांगतात; आणि विशेष हें कीं, कित्येक उपदेशकही तेंच भूषण म्हणून सांगतात. दोघांचेंही प्रमाण एकच : पौलानें रोमकरांस व गलतीकरांस लिहिलेलीं पत्रें. या दोन्ही पक्षांनीं पौल अर्धाच वाचला आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे. आणि या अर्धवट वाचनाचा दुष्परिणाम पोथीपुरता न राहतां घराघरांत पोंचतो, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम शब्दाचाच विचार करूं. ग्रीक भाषेंत शरीराला 'सोमा' असा शब्द आहे. पौल ज्याच्याविरुद्ध झगडा सांगतो तें बहुधा 'सोमा' नव्हे, तर 'सार्क्स', म्हणजे शब्दशः मांस. देवाकडे पाठ फिरवून स्वतःच्याच बळावर व स्वतःसाठींच जगणारा समग्र मनुष्य, बुद्धि व अहंकार यांसह, असा व्यापक अर्थ तो या शब्दांत भरतो. मराठी बायबलांत येथें 'देह' व 'देहस्वभाव' हे शब्द योजिले आहेत. अडचण खरीच मोठी आहे, आणि मराठी वाचकावर तर ती दुहेरी येते. 'देह' व 'आत्मा' हे शब्द कानीं पडतांच त्याला नश्वर देहांत कोंडलेला अविनाशी आत्मा आठवतो, आणि पौलही तेंच सांगत असावा असें तो धरून चालतो. परंतु पौल ज्या आत्म्यानें चालावयास सांगतो तो माणसाचा अंतरात्मा नव्हे. तो देवाचा आत्मा, कृपेनें मिळणारा. तेव्हां हा झगडा माणसाच्या वरच्या मजल्याचा खालच्या मजल्याशीं नाहीं. सबंध घर कोणाच्या सत्तेखालीं असावें, याचा आहे.

याचा पुरावा गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या पांचव्या अध्यायांतच आहे. तेथें देहाच्या कर्मांची यादी दिली आहे; प्राचीन हस्तलिखितांवरून सिद्ध केलेल्या पाठांत तीं पंधरा आहेत. कामवासनेचीं तीन, मूर्तिपूजा व जादूटोणा हीं दोन, मद्यपान व रंगेलपणा हीं दोन. उरलेलीं आठ कोणतीं? वैर, कलह, मत्सर, संताप, स्वार्थी चढाओढ, तट, पंथभेद आणि हेवा! अर्ध्याहून अधिक पापें अशीं कीं, तीं करण्यास जिभेपलीकडे शरीराला श्रमही पडत नाहींत. आमच्या षड्रिपूंतील मत्सर शरीराच्या कोणत्या अवयवांत राहतो, हें एखाद्या वैद्यानें दाखवावेंच. इ. स. ४२६ च्या सुमारास पुऱ्या केलेल्या 'देवाचें नगर' या ग्रंथांत ऑगस्टिननें याच यादीवर बोट ठेवून म्हटलें आहे कीं, सैतानाला मांस नाहीं, तरी गर्व व मत्सर यांचा तो मूळपुरुष आहे. मग सर्व दोष मांसाच्या माथीं कसा मारतां?

कोणी म्हणेल, आपण शरीरास कह्यांत ठेवतों असें पौलानेंच करिंथकरांस लिहिलें नाहीं काय? लिहिलें आहे, परंतु शर्यतींत उतरलेल्या गड्याच्या दृष्टांतानें. गडी शरीराला शिस्त लावतो, त्याचा द्वेष करीत नाहीं. त्याच पत्रांत शरीराला पवित्र आत्म्याचें मंदिर म्हटलें आहे. कलस्सैकरांच्या पत्रांत तर खाद्याखाद्याचे निर्बंध घालून शरीर कष्टविणाऱ्यांच्या फुगलेल्या मनालाच देहाचें मन म्हटलें आहे. म्हणजे उपासतापासाचा अभिमान हाही देहस्वभावच! पंडिता रमाबाईंनीं हें ओळखलें होतें, असें त्यांच्या कृतीवरून आम्हांस वाटतें. मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबलाचें मराठी भाषांतर करण्यांत ज्यांनीं आयुष्याचीं अखेरचीं वर्षें वेंचलीं, त्यांनींच १८९६-९७ च्या दुष्काळांत उपाशी मुली आणून त्यांना अन्न, वस्त्र व विद्या दिली. शरीर तुच्छ मानणाऱ्याच्या हातून हें होत नाहीं.

आतां घराकडे वळूं. मुलगा विडी ओढतांना सांपडला तर घरांत आकांत होतो. मुलीच्या पोषाखावर चार वडीलधारे बैठक भरवितात. पण वाटणीवरून सख्ख्या भावाशीं वीस वर्षें अबोला धरणारा गृहस्थ निर्व्यसनी म्हणून समाजांत मिरवतो, आणि मंडळीच्या सभेंत दोन तट पाडणारा भक्तिमान म्हणून पहिल्या बांकावर बसतो. आम्ही देहाला शत्रु ठरवितों, कारण तो सोयीस्कर शत्रु आहे : तो बहुधा दुसऱ्याचा, तरुणांचा किंवा बायकांचा असतो. मत्सर मात्र आमचा स्वतःचा असतो. पौलाच्या यादींत त्याचें नांव आहे. ती यादी मुलांपुढें वाचण्यापूर्वीं वडिलांनीं एकदां एकांतांत वाचावी, एवढीच आमची विनंति आहे.