गाळ उपसा, पण आधी तपासा

गोंदिया जिल्ह्यातील माजी मालगुजारी (मामा) तलावांचा गाळ तपासल्याशिवाय शेतात टाकू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत घनमीटरांचा हिशेब होतो, रसायनांचाही व्हावा.

भातखाचरांतून वाहून आलेले फॉस्फेट तळाच्या गाळातील लोहाला चिकटून बसते. तळाशी प्राणवायू संपला की लोह विरघळते, फॉस्फेट सुटते आणि पाणी शेवाळाने हिरवे होते. म्हणून उपसा हवाच, आणि असा गाळ धानालाही मानवतो.

गावाचे सांडपाणी पोटात घेणाऱ्या तलावाचे मात्र तसे नाही. गाळात कॅडमियम असेल, तर तो टाकलेल्या भातखाचरातले पाणी आटताच ते मोकळे होऊन थेट तांदळात उतरते.

जेसीबी उतरण्यापूर्वी जिल्हा प्रशासनाने प्रत्येक तलावाचा तपासणी अहवाल ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा.