क्रूस विकणारे आणि क्रूस वाहणारे

दुःख माणसाला देवाजवळ नेते, हे ख्रिस्ती धर्माचे एक मध्यवर्ती प्रतिपादन आहे. ज्या धर्माचे चिन्हच मुळी देहदंडाचे साधन आहे, त्या धर्मात असे असावे यात नवल नाही. ईयोबाची संपत्ती, संतती आणि आरोग्य हिरावले गेले. तेव्हा त्याच्या पापांचा हिशेब मांडणाऱ्या मित्रांनाच देवाने अखेर दोषी ठरविले. आपल्या देहातला काटा दूर व्हावा म्हणून संत पौलाने तीनदा प्रार्थना केली. काटा निघाला नाही, तो सोसण्याचे बळ तेवढे मिळाले. असा वारसा असलेल्या धर्माच्या नावाने गेल्या शतकात अमेरिकेत ‘समृद्धीचे शुभवर्तमान’ नावाचा बाजार उभा राहिला. श्रद्धा ठेवा, देणगी पाठवा, म्हणजे पैसा आणि आरोग्य मिळेलच, हा त्याचा सिद्धान्त. आणि नाही मिळाले, तर? तर तुमची श्रद्धा कमी पडली! ईयोबाच्या मित्रांनी तरी याहून वेगळे काय सांगितले होते?

या बाजाराचा एक मोठा व्यापारी म्हणजे दूरचित्रवाणीवरील धर्मोपदेशक जिम बेकर. दक्षिण कॅरोलायनात ‘हेरिटेज यूएसए’ नावाची भव्य ख्रिस्ती विहारनगरी त्याने वसविली. हजार डॉलर देणाऱ्या भाविकाला तेथील हॉटेलात दरवर्षी तीन रात्रींचा मुक्काम आयुष्यभर मिळेल, असे आश्वासन त्याने दिले. आश्वासने हजारोंनी विकली गेली. तेवढ्या खोल्या मात्र कधी बांधल्याच गेल्या नाहीत. १९८७ साली डोलारा कोसळला. १९८९ साली फसवणूक आणि कटाच्या २४ आरोपांवर बेकर दोषी ठरला आणि त्याला ४५ वर्षांची शिक्षा झाली. पुढे अपिलात ती शिक्षा रद्द झाली, नव्याने कमी शिक्षा ठोठावली गेली आणि १९९४ साली तो सुटला.

तुरुंगात त्याने बायबल पहिल्यांदाच आरंभापासून अखेरपर्यंत वाचले. आपण आजवर संदर्भ तोडून वचने वापरली, समृद्धीचा उपदेश ख्रिस्ताच्या शिकवणीत बसत नाही, अशी कबुली त्याने १९९६ साली ‘आय वॉज राँग’ या ग्रंथात दिली. संकटातून आत्मिक उन्नती कशी होते, याचा वस्तुपाठ म्हणून ही कथा अनेक धर्मपीठांवरून सांगण्यात आली.

पण कथा तेथे संपत नाही. बेकर पुन्हा दूरचित्रवाणीवर आला आणि युगान्ताचे भय दाखवून टिकाऊ अन्नाचे डबे विकू लागला. २०२० साली कोरोनाची साथ आली, तेव्हा त्याच्या कार्यक्रमातून चांदीयुक्त द्रावणाची विक्री चालू होती आणि ते विषाणूवर गुणकारी असल्याचे सूचित केले जात होते. मिझुरी राज्याच्या महाधिवक्त्याने खटला भरला. २०२१ साली तडजोड झाली. चूक मान्य न करता सुमारे दीड लाख डॉलर ग्राहकांना परत करण्याचे ठरले. तुरुंगातला पश्चात्ताप खोटा होता काय? कोणाच्या अंतःकरणाचा न्यायनिवाडा करण्याचे कारण नाही. परंतु एवढे निश्चित, की दुःख भोगल्याने माणूस आपोआप मोठा होत नाही. दुःख ही केवळ संधी असते, आणि तीही पुन्हा गमावता येते.

याच्या शेजारी दीट्रिख बोनहोफर या जर्मन धर्मपंडिताला उभे करावे. १९३७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याने ‘स्वस्त कृपा’ आणि ‘मोलाची कृपा’ असा भेद केला. पश्चात्तापावाचून क्षमा आणि क्रूसावाचून शिष्यत्व देणारी ती स्वस्त कृपा. समृद्धीच्या बाजाराचे इतके नेमके निदान बाजार भरण्यापूर्वीच झाले होते! हा केवळ ग्रंथी पंडित नव्हता. जून १९३९ मध्ये तो न्यूयॉर्कला पोहोचला होता. तेथे सुरक्षितता होती, मानाचे काम होते. तरी काही आठवड्यांतच तो परतला. कारण स्वदेशाच्या अग्निपरीक्षेत जो सहभागी नाही, त्याला नंतरच्या उभारणीचा अधिकार नाही, असे त्याने मानले. एप्रिल १९४३ मध्ये त्याला अटक झाली. ९ एप्रिल १९४५ रोजी, युद्ध संपण्यास जेमतेम महिना उरला असताना, फ्लॉसेनबुर्गच्या छळछावणीत त्याला फाशी देण्यात आले. तेव्हा त्याचे वय ३९ होते. तुरुंगातून लिहिलेल्या पत्रांत त्याने सुटकेचा चमत्कार मागितला नाही. अडचणीच्या वेळी रंगमंचावर उतरविला जाणारा देव त्याला नकोच होता.

दुःखाच्या तत्त्वज्ञानाचा दुसरा दुरुपयोग याहून जुना आणि अधिक क्रूर आहे: दुःख सोसावे दुसऱ्याने आणि त्याचे माहात्म्य गावे आपण! १८०७ साली लंडनमध्ये वेस्ट इंडीजमधील गुलामांसाठी बायबलमधील निवडक उताऱ्यांची आवृत्ती छापण्यात आली. तीत धन्याची आज्ञा पाळण्याचा उपदेश ठेवला होता; इजिप्तच्या दास्यातून इस्राएल लोकांची मुक्तता मात्र गाळली होती. गुलामाचा क्रूस त्याच्या खांद्यावर ठेवून मळेवाला स्वतः सावलीत बसणार, याला अध्यात्म कोण म्हणेल?

हा प्रश्न एका धर्मापुरता नाही. कुंतीने श्रीकृष्णाकडे विपत्ती मागितली, हे भागवत सांगते. पण तिने ती स्वतःसाठी मागितली, शेजारणीसाठी नव्हे. आणि तेच भागवत ऐकणारे श्रोते घरी परतल्यावर देवाशी नवसाचा सौदा करतातच. भक्तीचा व्यापार करण्याची वृत्ती सर्वत्र आहे. म्हणून निकषही सर्वांना एकच हवा. दुःखाचा महिमा सांगणाऱ्याला दोनच प्रश्न विचारावेत: हे दुःख सोसले कोणी? आणि त्याच्या उपदेशातून लाभ कोणाचा झाला? या दोन प्रश्नांना बोनहोफर निःशंक सामोरा जातो. चांदीचे द्रावण विकणाऱ्याला आणि मळेवाल्याला ते पेलणार नाहीत. ख्रिस्ती धर्मपीठांनी आपल्या व्यासपीठावर कोणाला उभे करायचे, हे याच कसोटीवर ठरवावे. अन्यथा रुग्णशय्येवर पडलेल्या गरीब भाविकाने आपली शेवटची पुंजी पाठवावी, आणि तरीही आजार हटला नाही म्हणून आपल्याच श्रद्धेला दोष देत प्राण सोडावा, हे असेच चालू राहील.